हिगोंच्या घरच्या दोन पाट्या

१९ ऑक्टोबर, शनिवार

ज्वालामुखीचा डोंगर गप्प होऊन आज सहा दिवस झाले. सहा दिवसांत एकदाही काच वाजली नाही. मार्चपासून मी या बेटावर आहे, पण एवढं निळं आभाळ पहिल्यांदा बघतोय. सकाळी कपडे बाहेर दोरीवर वाळत घातले. आजोबा गोठ्यातून आले, दोरीकडे बघितलं.

"काढ ते."

"का? राख कुठे पडतेय?"

"पडत नाहीये म्हणूनच काढ."

या माणसाशी वाद घालण्यापेक्षा गायीशी घातलेला बरा. काढले. आता आत वाळताहेत आणि खोलीभर ओल्या मोज्यांचा वास सुटलाय.

आजोबा म्हणजे सुएकिचि हिगो. वय अठ्ठ्याहत्तर, गायी अकरा, दात सात. माझे ते कोणी नाहीत, मी त्यांचा गडी. पण हिनोसे बेटावरची साठही माणसं त्यांना आजोबाच म्हणतात. मला सफरचंद म्हणतात, कारण मी पार वरच्या टोकाचा, सफरचंदांच्या आओमोरीचा. माझं नाव तेप्पेइ आहे हे बहुतेक विसरलेत.

इथे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगायचं नाहीये. बुधवारच्या बोटीने मी जाणार. पिशवी भरून कपाटात अंथरुणांच्या मागे ठेवलीये. भावाच्या बागेतून असाच निघालो होतो, मासळीच्या कारखान्यातूनही असाच. सांगत बसलं की लोक तोंडाकडे बघतात, मग पाय निघत नाही. बावीस वर्षांचा झालो आणि हात कायम शेणात. इथला सोया सॉससुद्धा गोड.

२० ऑक्टोबर, रविवार

बोटीचा दिवस. बोट आली की बेटावरचा प्रत्येक धडधाकट पुरुष दोर धरायला धक्क्यावर जातो, मीही गेलो. पहिला दोर माझ्या हातून सुटला. "सफरचंद गळालं!" असं सगळे ओरडले. रोजचंच आहे.

आज मिनोरूसान आणि नोबुए काकूंची जुंपली. मिनोरूसान इथल्या अग्निशमन पथकाचे प्रमुख. दिवसा मासे धरतात, उरलेल्या वेळात आम्हाला धरतात. नोबुए काकूंचं बेटावरचं एकुलतं एक दुकान. भांडण पाट्यांवरून.

धक्क्यावरच्या शेडमध्ये फळा आहे. घराघराच्या ओळी आणि प्रत्येक माणसाची एक लाकडी पाटी. एका बाजूला काळ्या अक्षरात नाव, दुसऱ्या बाजूला लाल. बेटावर असलात तर काळी बाजू, बोटीत चढलात की लाल. डोंगर फुटला तर कोण मागे राहिलं ते त्यावरूनच कळणार. काकूंनी सासूबाईंची पाटी त्या यायच्या आधीच लाल करून टाकली होती.

"पाय धक्क्याला लागल्याशिवाय पाटी फिरवायची नाही! कितीदा सांगू?"

"अरे ती बघ, येतेच आहे मागून. ब्याण्णव वर्षांची बाई पाटीपर्यंत हात उंचावणार की काठी धरणार?"

"नियम म्हणजे नियम."

"तुझ्या आईची कोण फिरवतं रे? दर वेळी मीच ना?"

सगळे हसले. मिनोरूसान लाल झाले, पाटीपेक्षा लाल.

हिगोंच्या ओळीत दोनच पाट्या आहेत. आजी वारल्या तेव्हा त्यांची उतरली, मुलगी लग्न होऊन ओसाकाला गेली तेव्हा तिची. आता एक आजोबांची आणि शेजारी माझी. खरं तर गड्याची पाटी नसते, खडूने नाव लिहितात. माझी मात्र आजोबांनी तिसऱ्याच आठवड्यात स्वतः तासून केली. "पळून गेलास तर लगेच कळावं," म्हणाले. केवढा हा विश्वास!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कंबर मोडली. हाना नावाची गाय गाभण आहे, दिवस भरलेत. आजोबांनी तिला आज पश्चिमेच्या खाडीतल्या जुन्या दगडी खोपीत हलवलं. का, तर इथल्या गोठ्याचं छप्पर गळतं. मला कधी थेंब दिसला नाही. तिच्यासाठी गवताच्या चाळीस पेंढ्या मी पाठीवरून नेल्या. मग पाण्याचे सहा कॅन. मग तांदूळ, सुकवलेले मासे, रताळ्याच्या दारूच्या दोन बाटल्या.

"हाना दारू पिते वाटतं?" मी विचारलं.

"बाळंतिणीला लागते," आजोबा म्हणाले. हसले नाहीत.

दुपारी ओसाकाहून त्यांच्या मुलीचा, मुत्सुकोताईंचा फोन. आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो, घरभर ऐकू जातो.

"बाबा, टीव्हीवर दाखवताहेत, डोंगर फुगलाय म्हणे. या वेळी बेट खाली केलं ना, तर मी तुम्हाला परत जाऊ देणार नाही. सांगून ठेवते. खोली तयार आहे. नववा मजला, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे."

"हं," आजोबा म्हणाले.

"हं काय? ऐकू आलं का?"

"आलं."

फोन ठेवून ते बराच वेळ विळ्याला धार लावत बसले. काही लोकांचं नशीब बघा. नववा मजला, लिफ्ट! मला कुणी बोलावलं असतं तर धावत गेलो असतो.

जमीन दिवसातून तीन-चारदा हलतेय. उद्या बोट.

२३ ऑक्टोबर, बुधवार. बोटीत

बोट हलतेय, अक्षर बघा.

नऊ चाळीसला फुटला. आवाज कानाने नाही, छातीने ऐकला. घराच्या सगळ्या काचा एकदम आत आल्या. बाहेर आलो तर डोंगराच्या डोक्यावर काळा खांब उभा, वर वर चढतोय, आणि त्यात विजा. मग दगड. मुठीएवढे, डोक्याएवढे. नोबुए काकूंच्या दुकानाच्या पत्र्यावर पडून ते उड्या मारत होते. भोंगा सुरू झाला: सगळे धक्क्यावर, सगळे धक्क्यावर.

आजोबा अंगणात उभे होते. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी माझ्या डोक्यावर दाबलं.

"मला घट्ट होतं," म्हणाले. "तू पळ. दोर धरायला माणसं लागतील. मी मिनोरूच्या ट्रकमधून येतो."

"बरोबरच जाऊ."

"माझ्या पायांनी? दोघंही मरू. पळ. आणि माझी पाटीही फिरवून ठेव, त्या गर्दीत माझा हात पोचायचा नाही."

मी पिशवी उचलली आणि पळालो. त्यांनी पिशवी बघितली की नाही, माहीत नाही.

धक्क्यावर दिवसा अंधार. बोट नेहमीच्या वेळेआधी येऊन लागली होती, समुद्रात दगड पडून पाणी उडत होतं. आम्ही दोर धरले. या वेळी माझ्या हातून सुटला नाही. शेडमध्ये मिनोरूसान विजेरी घेऊन फळ्यापुढे उभे: "काळी कोण आहे? अजून काळी कोण?" कप्तान भोंग्यावरून ओरडत होता की पाच मिनिटं, फक्त पाच.

विजेरी दुसऱ्या ओळीवर होती तेव्हा मी माझी पाटी फिरवली. मग आजोबांची.

त्यांना मी धक्क्यावर बघितलं नव्हतं. हे इथे खरं लिहितो. वाटलं, येतीलच ट्रकमधून. आणि हेही खरं की फळा जितक्या लवकर लाल होईल तितक्या लवकर बोट सुटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बोट सुटली. मी वरच्या डेकवर धुराच्या नळकांड्यामागे बसलोय. खाली जात नाही, आजोबांनी पिशवीबद्दल विचारलं तर काय सांगू?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

काल कागोशिमाला उतरल्यावर सगळ्यांना बसने एका शाळेच्या व्यायामशाळेत नेलं. मी बसच्या रांगेतून बाजूला झालो आणि चालू पडलो. सार्वजनिक स्नानगृहाच्या बाकावर झोपलो. सकाळी स्टेशन. उत्तरेचं तिकीट काढलं.

फोन वाजत होता. नोबुए काकू. एकदा, दोनदा, चारदा. मला वाटलं, पळाला म्हणून शिव्या द्यायला. पाचव्यांदा घेतला.

"सफरचंदा! अरे, सांगून तरी जायचं! जीव टांगणीला लागला ना आमचा. आजोबांनी औषधं घेतली का? दे बघू त्यांना फोन."

"कुणाला?"

"कुणाला काय? आजोबांना. तुझ्याबरोबर आहेत ना?"

गाडी फलाटाला लागत होती.

"तेप्पेइ," काकू म्हणाल्या. नावाने हाक मारली, पहिल्यांदा. "तुझ्याबरोबर आहेत ना ते?"

"नाही."

व्यायामशाळेत पोचलो तेव्हा सगळे उभे होते. मिनोरूसानचा चेहरा पांढरा. ते काल ट्रक घेऊन आमच्या घरी गेले होते, हाका मारल्या, कोणी नाही. धक्क्यावर येऊन बघितलं तर पाटी लाल. म्हणजे आले, असं धरलं. रात्री आम्ही दोघंही दिसलो नाही, तर ओळखीच्या कुणाकडे उतरले असतील, असंच सगळ्यांना वाटलं. माझ्या पळण्यामुळे एक अख्खा दिवस गेला.

"पाटी कुणी फिरवली?" मिनोरूसाननी विचारलं. प्रत्येकापुढे जाऊन विचारलं. काकू म्हणाल्या, "मी फक्त माझी, देवाशप्पथ." माझ्यापुढे आले.

"तू बघितलंस कुणाला?"

"अंधार होता," मी म्हणालो.

एवढं बोललो.

तटरक्षक दलाचा अधिकारी नकाशा घेऊन आला. म्हातारा माणूस कुठे असू शकेल, त्याने विचारलं. सगळे म्हणाले घरी. मी म्हणालो, पश्चिमेच्या खाडीत, दगडी खोपीत. कशावरून? तिथे गाय आहे. चाळीस पेंढ्या मीच नेल्या. सांगता सांगता मला जाणवलं, एका गायीला चाळीस पेंढ्या म्हणजे पंधरवडा. आजोबांचा हिशोब हल्ली चुकतो.

वारा पश्चिमेकडे वाहतोय, सगळी राख खाडीवर. जहाज जाऊ शकत नाही. फोनची तार तुटलीये.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

वारा तोच.

मुत्सुकोताई ओसाकाहून आल्या. पन्नाशीच्या, आजोबांसारखंच कपाळ. सगळ्यांना सोडून माझ्याकडे आल्या आणि कमरेत वाकल्या. कितीतरी वेळ वर आल्याच नाहीत.

"तुम्ही बाबांजवळ होतात म्हणून मी या वर्षी निश्चिंत होते. ते फोनवर तुमच्याबद्दलच बोलायचे."

"काय बोलायचे?"

"दोर नीट धरत नाही म्हणून."

मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. सांगावं. आत्ता उठून सांगावं. पण सांगितलं तर मिनोरूसान मला खोपीवर न्यायचे नाहीत, आणि वाट मलाच माहीत आहे. हे कारण खरंय की सबब, मलाच कळत नाही.

टीव्हीवर बेट दाखवलं, वरून काढलेलं. सगळं करडं. आमचं घर ओळखू येत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे वारा फिरला. जहाजावर मिनोरूसान, मी आणि दलाची चार माणसं. खाडीत रबरी होडीने उतरलो. अधिकारी म्हणाला, चाळीस मिनिटं. डोंगराने हुंकार दिला की त्याआधीही परत.

राख पोटरीपर्यंत. पाऊल टाकलं की आवाजच नाही. खोपीचं दार बंद. मिनोरूसाननी ढकललं.

आजोबा हानाच्या मागे गुडघ्यावर बसले होते, हात कोपरापर्यंत ओले. वळूनही बघितलं नाही.

"दार लाव. राख येते."

मिनोरूसान दाराला टेकून खालीच बसले. रडत होते की दम लागला होता, मास्कमुळे कळलं नाही.

"आजोबा, चला. चाळीस मिनिटं दिलीत," मिनोरूसान म्हणाले.

"वासरू आत्ताच पडलंय. तुम्ही या जाऊन."

"तुम्हाला न्यायला आलोय!"

"तुझा बाप असता तर मला राहू दिलं असतं."

"माझ्या बापाने तुम्हाला खांद्यावर टाकून नेलं असतं!"

"मुत्सुकोताई आल्यात," मी म्हणालो.

"म्हणूनच येत नाही."

"नववा मजला आहे आजोबा. लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये गाय मावते का?"

मिनोरूसान घरच्या गोठ्यातल्या गायी मोकळ्या सोडायला गेले, दलाची माणसं घेऊन. मला म्हणाले, बोल तू काहीतरी, तू घरातला आहेस.

मी वासराच्या नाकातला चिकटा पुसत राहिलो. मग तोंडातून आपोआप निघालं. म्हणालो, मी त्या दिवशी पळून चाललो होतो.

"माहीत आहे. अंथरूण काढताना पिशवी रोज माझ्या हाताला लागायची."

"तुमची पाटी मी फिरवली. तुम्हाला बघितलं नव्हतं, तरी फिरवली. तुम्ही इथे मेलात तर मी मारलं असं होईल. मला ते झेपणार नाही. तुम्ही येत नसाल तर मीही जात नाही."

आजोबांचे हात थांबले. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. किती म्हातारे दिसत होते.

"हे कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगूही नकोस."

बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. एकदा, मग लगेच पुन्हा. पायाखाली जमीन गुरगुरली. तेवढ्यात वासराने मागचे पाय उचलले, पडलं, पुन्हा उचलले, आणि उभं राहिलं. आजोबाही माझ्या खांद्याला धरून उठले. म्हणजे वासरासाठीच थांबले होते ते, नाहीतर माझ्या बोलण्याने थोडेच हलले असते. दार सताड उघडं ठेवलं, पाण्याची झाकणं काढली, पेंढ्या सोडल्या. हानाच्या कपाळावर तळवा ठेवून काहीतरी म्हणाले, ते मी ऐकलं नाही.

होडीत बसल्यावर ते बेटाकडे पाठ करून बसले.

२७ ऑक्टोबर, रविवार

व्यायामशाळेत सभा झाली. सगळे जमिनीवर गोल बसले. मिनोरूसान म्हणाले, आजोबा आले, देवाची कृपा. पण पाटी कुणी फिरवली ते कळलं पाहिजे. पुढच्या वेळी माणूस मरेल.

आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले, "मीच. आदल्या दिवशी जाऊन फिरवून आलो होतो."

"आदल्या दिवशी? तुम्ही?"

"मला राहायचं होतं. तुम्ही राहू दिलं नसतं. चूक झाली." आणि डोकं जमिनीला टेकवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साठ माणसांपुढे. मुत्सुकोताई तोंडावर रुमाल धरून बसल्या.

आदल्या दिवशी आम्ही दोघं दिवसभर घर आणि खोपी एवढंच करत होतो. धक्क्याकडे ते फिरकलेसुद्धा नाहीत. त्यांना खरंच आठवत नसावं. वय झालंय, त्यात तीन दिवस राखेत. माझी चूक विसरभोळ्या माणसाच्या डोक्यावर ठेवून मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं.

मी उभा राहिलो. पाय मुंग्या येऊन बधिर झालेले, धड उभंही राहता येईना.

"त्यांनी नाही. मी फिरवली. बुधवारी. ते धक्क्यावर नव्हते हे मला माहीत होतं."



"खोटं बोलतोय," आजोबा गरजले. "डोक्यात राख गेलीये त्याच्या. बस खाली, मूर्खा!"

"बोट लवकर सुटावी म्हणून फिरवली. मला पळून जायचं होतं. मग उतरल्यावर पळालो, आणि विचारलं तेव्हा अंधार होता म्हणालो."

मिनोरूसान उठून माझ्यापुढे आले. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. हात मागे होताच. तो तसाच खाली आला.

"दोघांतला एक खोटं बोलतोय," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "कोण, ते मला नकोय आता." मग वहीत बघत म्हणाले, "परवापासून तीन दिवसांतून एकदा, दोन तास, जनावरांना चारा द्यायला जायची परवानगी मिळालीये. चाळिशीच्या आतले फक्त. हिगोंच्या गायी कोण बघणार?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नोबुए काकूंनी मागून माझ्या सदऱ्याला जोरात खाली ओढलं की वर ढकललं, सांगता येणार नाही.

"मी," म्हणालो.

"दोर सुटला तर समुद्रात फेकीन," मिनोरूसान म्हणाले आणि नाव लिहिलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

मुत्सुकोताई आजोबांना ओसाकाला घेऊन गेल्या. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. आजोबांच्या अंगावर कुणीतरी दिलेला कोट, बाह्या लांब. गाडी यायला बारा मिनिटं होती. कालच्याबद्दल काही बोलतील असं वाटलं. बोलले ते गायींबद्दल.

"पहिली, ती तुटक्या शिंगाची. तिला आधी पाणी, मग चारा. उलटं केलंस तर दिवसभर खाणार नाही. दुसरी लाथ मारते, पण उजव्याच पायाने. तिसरीच्या कानात राख गेली की ती डोकं आपटते, ओल्या फडक्याने पूस, बोट घालू नकोस."

"बाबा, गाडी आली," मुत्सुकोताई म्हणाल्या.

चढता चढताही चालूच. चौथीला एकटं ठेवायचं नाही. पाचवी हानाची आई, तिला वासराजवळ जाऊ दे. दारात उभे राहून सहावी सांगितली. लोक त्यांना वळसा घालून आत जात होते. शिट्टी झाली. "सातवी..." म्हणाले, आणि दार बंद झालं. काचेमागे तोंड हलत होतं, गाडी निघाली तरी हलत होतं.

सातवीचं काय, ते राहूनच गेलं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आठला जहाज सुटणार. मिनोरूसान खाली भोंगा वाजवताहेत. बूट घालत होतो तर फोन वाजला. ओसाकाचा नंबर.

कसा आहेस नाही, पोचलो नाही, काही नाही.

"सातवी," आजोबा म्हणाले. "लिहून घे."

लिहून घेतोय.